सर्व्हिस सेंटरचं बिल, एकेक ओळ

१० जून २०२५, मंगळवार. संध्याकाळी पावणेसातला मी सर्व्हिस सेंटरच्या कॅश काउंटरसमोर उभी होते आणि हातात १८,५९२ रुपयांचं बिल होतं. सकाळी गाडी टाकताना "सात हजारांच्या आसपास होतील" असं सांगितलं होतं. दुपारी फोनवर ब्रेक पॅड बदलायचं ठरलं, त्याचे साडेतीन हजार धरले तरी साडेदहा. वरचे आठ हजार कसले, हे विचारायला गेले तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवत होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पेमेंट झालं की गेट पास निघेल." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, गाडी हवीच होती. मी कार्ड दिलं, समोर आलेल्या दोन कागदांवर सह्या केल्या आणि घरी आले. त्यातला एक कागद 'काम समाधानकारक झालं' असं लिहून देणारा होता, हे मला तीन दिवसांनी कळलं.

त्यातले ५,७७८ रुपये परत मिळाले, पण त्याला ४९ दिवस लागले. पहिले पंधरा दिवस तर नेमकं कुणाकडे जायचं, काय लिहायचं हेच कळत नव्हतं. ज्यांच्या हातात आज असं बिल असेल त्यांच्यासाठी सगळं तारखांसकट लिहिते आहे.

गाडी २०१८ची, पेट्रोल हॅचबॅक, ५८,४१२ किलोमीटर झालेली. वॉरंटी कधीच संपली, तरी सर्व्हिसची नोंद एका जागी राहावी म्हणून मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जाते. सकाळी अ‍ॅडव्हायझरने टॅबवर जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, भरलं, मी स्क्रीनवर बोटाने सही केली. शाळेला उशीर होत होता, त्यामुळे वाचलं नाही. दुपारी एकला त्याचा फोन आला. पुढचे ब्रेक पॅड झिजलेत, बदलू का? बदला म्हटलं. मग म्हणाला, "इंजेक्टर क्लीनिंगही करून घेऊ का मॅडम? मायलेजला फरक पडेल." (इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग.) मी वर्गाच्या दारात उभी होते. "बघा, गरज असेल तर," एवढंच बोलले. हे वाक्य पुढे प्रत्येक बैठकीत माझ्यासमोर ठेवलं गेलं. फोनवर काम वाढवायला सांगतात तेव्हा 'हो' किंवा 'नको' एवढंच म्हणा, आणि 'रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा' असं सांगा. 'बघा'चा अर्थ तिकडे 'करा' असाच लावतात.

रात्री जेवणं झाल्यावर बिल टेबलावर पसरलं. बाबा ७६ वर्षांचे आहेत, आयुष्यभर स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने पार्ट आणलेस का?" आणले नव्हते. कुणी दिलेही नव्हते. मग त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. बेरजेवर भांडू नकोस, ते म्हणाले, ओळीवर बोल.

वाचता वाचता लक्षात आलं की बिलात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. काही कामं मी सांगितलेलीच होती: सर्व्हिसची मजुरी, इंजिन ऑइल, ऑइल आणि एअर फिल्टर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. काही न विचारता केलेली होती: इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) ७०८ रुपये, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) क्लीनिंग ९४४, एसी क्लीनिंग १,४१६, सायलेन्सर कोटिंग १,५३४, शिवाय 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे किरकोळ साहित्य, या नावाने ३५४. त्यातच इंजेक्टर क्लीनिंगचे १,७७०, ज्याला मी 'बघा' म्हटलं होतं. तिसरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

बिलात केबिन फिल्टर बदलल्याचे ४७२ रुपये होते. हा एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे एक झाकण दिसतं, क्लिप दाबली की फिल्टर हातात येतो. हत्यार लागत नाही. गेल्या वर्षी तो बाबांनीच घरी बदलला होता. बाबा बॅटरी, गॅसचा रेग्युलेटर, पाण्याची मोटर, जे काही नवीन बसवतील त्यावर बॉलपेनने तारीख घालतात. मी फिल्टर बाहेर ओढला. घड्यांमध्ये काळी धूळ, दोन-तीन वाळकी गुलमोहराची पानं, आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईत बाबांचं अक्षर: १२/५/२४.

मी थोडा वेळ तशीच सीटवर बसून राहिले. आठ हजार जास्त घेतले याचा रात्री राग आला होता. पण न केलेल्या कामाचे पैसे घेतले, हे त्या पट्टीवर वाचल्यावर वाटलं ते वेगळंच होतं. गाडीचे ब्रेकही याच माणसांनी खोलले होते, आणि त्याच गाडीतून मी बाबांना घेऊन निघाले होते.

इथे एक गोष्ट नशिबाने बरोबर केली. फिल्टर पुन्हा आत बसवला आणि मग व्हिडिओ काढला. बाहेरून नंबर प्लेट, मग किलोमीटरचा काटा, मग बंद ग्लोव्ह बॉक्स, तो उघडताना, फिल्टर बाहेर येताना आणि तारीख वाचता येईल इतक्या जवळून. मध्ये कुठेही न थांबवता एकच सलग व्हिडिओ. नंतर तो फिल्टर आतच ठेवला. अशा वेळी चिडून नवीन फिल्टर विकत आणून बसवू नका. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत तो जागेवरच राहिला पाहिजे.

१२ जूनला, गुरुवारी, गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. बिलात 'डिस्क स्किमिंग'चे १,६५२ रुपये होते. स्किमिंग म्हणजे ब्रेकच्या डिस्कचा वरचा थर मशिनवर घासून सपाट करणं. काकांनी पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि माझं बोट डिस्कच्या कडेवर फिरवायला लावलं. पॅड जिथे घासत नाही तिथे वर्षानुवर्षांत एक गंजका काठ उभा राहतो, त्याला माझं नख अडकलं. "मशीन लागलं असतं तर हा काठ राहिला नसता, आणि अंगावर बारीक गोल रेषा दिसल्या असत्या," काका म्हणाले. पॅड मात्र खरोखर नवीन होते, तेही त्यांनी दाखवलं आणि मला हायसं वाटलं. चाकं काढून तपासायचे सहाशे रुपये घेतले. डीलरच्या, म्हणजे त्या सर्व्हिस सेंटरच्या, विरोधात लिहून द्यायला ते आधी तयार नव्हते. मी म्हटलं, मत नको, जे दिसलं तेवढंच लिहा. मग त्यांनी आपल्या बिलावर तारीख आणि किलोमीटर घालून लिहिलं: 'पुढील दोन्ही डिस्कचा काठ कायम, स्किमिंगच्या खुणा दिसत नाहीत.' सर्व्हिसनंतर गाडी फक्त १९ किलोमीटर चालली होती, ते पुढे फार उपयोगी पडलं. शंका आली तर गाडी फिरवण्याआधी तपासून घ्या.

घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं. इंजिन ऑइल, फिल्टरसकट: ३.१ लिटर. बिलात ४ लिटर, ५२० रुपये लिटरने. म्हणजे ४६८ रुपये जास्त. सात वर्षं ते मॅन्युअल डिकीत पडून होतं.

१३ जूनला सेंटरच्या वर्क्स मॅनेजरना, म्हणजे वर्कशॉपच्या प्रमुखांना, भेटले. शुक्रवारी अर्धी रजा टाकली. माझा आवाज थरथरत होता, कारण अशा ठिकाणी सगळे आपल्यापेक्षा जास्त जाणतात असं वाटत राहतं. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टिमला एंट्री आहे म्हणजे काम झालेलं आहे. आणि सॅटिस्फॅक्शन नोटवर तुमची सही आहे." मी त्यांना गाडीपर्यंत यायची विनंती केली आणि त्यांच्यासमोर फिल्टर बाहेर काढला. ते जरा वेळ त्या तारखेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बॉय विसरला असेल. आत्ता नवीन टाकून देतो, आणि पुढच्या सर्व्हिसला दहा टक्के डिस्काउंट." मी नको म्हटलं. आधी लेखी उत्तर द्या, मग फिल्टर टाका. जुने पॅड मागितले तर 'स्क्रॅपमध्ये गेले' असं उत्तर मिळालं.

बाहेर पडताना तो अ‍ॅडव्हायझर मुलगा भेटला. चोवीस-पंचवीसचा असेल. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात." फ्लशिंग, कोटिंग, क्लीनिंग यांचं दर महिन्याला टार्गेट असतं, हेही त्यानेच सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं. म्हणून पुढच्या कुठल्याही पत्रात मी त्याचं नाव घातलं नाही, जॉब कार्ड नंबर घातला.

१४ जूनला सेंटरला ई-मेल केला, प्रत कंपनीच्या ग्राहक कक्षाला. पहिला मसुदा दोन पानांचा होता, त्यात फसवणूक, विश्वासघात असे शब्द होते. बाबांनी ते सगळे खोडायला लावले. शेवटी एक तक्ता राहिला: बिलातली ओळ, रक्कम, माझी हरकत, पुरावा. इंजेक्टर क्लीनिंग मी स्वतःच मागणीतून वगळलं, कारण 'बघा' मी म्हटलं होतं. मागणी ७,५४८ रुपयांची झाली. सोबत दोन गोष्टी मागितल्या: जॉब कार्डची पूर्ण प्रत, आणि कुठल्या मेकॅनिकने कुठलं काम किती वाजता सुरू करून किती वाजता संपवलं त्याची नोंद. ही नोंद मागायची कल्पना गॅरेजवाल्या काकांची. मोठ्या वर्कशॉपमध्ये ती ठेवतात, असं ते म्हणाले.

कंपनीकडून तक्रार क्रमांक आला, '४८ तासांत संपर्क करू' असा मेसेजही आला. संपर्क झाला नाही. त्या आठवड्यात पालख्या पुण्यात होत्या, रस्ते बंद, शाळाही नुकती सुरू झालेली, मीही पाठपुरावा केला नाही. २३ जूनला मोबाइलवर मेसेज पडला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कुणी एक फोनही केला नव्हता. त्या संध्याकाळी सोडून द्यावं असं मनापासून वाटलं. नवरा म्हणाला, साडेसात हजारांसाठी किती दिवस घालवणार? त्याचंही चूक नव्हतं.

२५ जूनला १९१५ला फोन लावला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि मराठीत बोलता येतं. फोन उचलायला सात-आठ मिनिटं लागली, पण ज्या बाई बोलल्या त्यांनी नीट ऐकून घेतलं. बिल नंबर, तारीख, रक्कम, कंपनीचा तक्रार क्रमांक हाताशी ठेवा. डॉकेट क्रमांक, म्हणजे तिथल्या तक्रारीचा नंबर, मेसेजवर येतो. हे कोर्ट नव्हे, समोरच्याला आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागतात. तरी कंपनीने बंद केलेली तक्रार दोन दिवसांत पुन्हा उघडली. उत्तर आलं की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, आम्ही त्यांना कळवलं आहे. ४ जुलैला सेंटरचा फोन आला, फिल्टर आणि स्किमिंगचे मिळून २,१२४ रुपये 'गुडविल' म्हणून द्यायला तयार आहोत. गुडविल हा शब्द मला फार लागला. जे काम झालंच नाही त्याचे पैसे परत करण्यात मेहरबानी कसली? नको म्हणून सांगितलं.

बाबांच्या जुन्या ओळखीतून ग्राहक पंचायतीचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते भेटले. ही चळवळ १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, त्या काळापासून बाबांना तिचं कौतुक. या गृहस्थांनी सगळे कागद पाहिले आणि माझी एक शंका आधी दूर केली. गाडी अडवून ठेवणं बेकायदा नव्हतं का? तर १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर कसबाचं काम केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणून काउंटरवर भांडण्यापेक्षा पैसे भरावेत, पण बिलाच्या त्यांच्या प्रतीवर स्वच्छ अक्षरात लिहावं: 'तपशील मान्य नाही, हरकत कायम ठेवून रक्कम भरली', खाली सही, तारीख, आणि त्याचा फोटो. मला हे १० जूनला ठाऊक असतं तर सॅटिस्फॅक्शन नोटचा विषय तिथेच संपला असता. तरी ते म्हणाले, घाबरू नका, समाधानाच्या सहीने न बसवलेला पार्ट बसत नाही.

८ जुलैला नोटीस पाठवली. वकील केला नाही, दीड पानाचं मराठी पत्र, तेच तीन गट, तोच तक्ता, १५ दिवसांची मुदत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन एवढंच. सेंटरला एक आणि कंपनीला एक, दोन्ही रजिस्टर्ड एडीने. (त्यानंतर २०२५मध्येच रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवून पोच घ्या.) एडीचं गुलाबी कार्ड सही होऊन परत आलं ते जपून ठेवलं.

वाट पाहताना ई-जागृती या ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करायच्या सरकारी पोर्टलवर खातं उघडून तक्रारीची तयारी करून ठेवली. मला वाटायचं ग्राहक कोर्ट म्हणजे वकील, फी, हेलपाटे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, स्वतः बाजू मांडता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. निकालाला किती वेळ लागला असता कोण जाणे, पण दार उघडं आहे हे कळल्यावर रात्रीची झोप सुधारली.

२२ जुलैला जनरल मॅनेजरचा फोन आला, २४ला भेटायचं ठरलं. बाबाही आले, हट्टाने. टेबलावर यावेळी जॉब कार्ड आणि वेळांची नोंद होती. गाडी सव्वाअकराला लिफ्टवर गेली आणि पाच वाजून पाच मिनिटांनी धुवायला गेली, पण प्रत्यक्ष कामाची वेळ एक तास पन्नास मिनिटं. त्यात ऑइल बदलणं, पॅड, फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, कोटिंग आणि दोन डिस्कचं स्किमिंग. जनरल मॅनेजरनी ती नोंद वाचली, मग वर्क्स मॅनेजरकडे पाहिलं. त्यानंतर आवाज न चढवता बोलणं झालं. एसी क्लीनिंगचे तारीख-वेळेसह फोटो त्यांच्याकडे होते. काम झालं होतं, फक्त मला विचारलं नव्हतं. ते १,४१६ आणि कन्झ्युमेबल्सचे ३५४ मी सोडले. फिल्टर, स्किमिंग, फ्लशिंग, थ्रॉटल, कोटिंग आणि जास्तीचं ऑइल मिळून ५,७७८ रुपये त्यांनी मान्य केले.

मग एक छापील कागद पुढे आला, 'माझी कोणतीही तक्रार नाही.' पैसे खात्यात येण्याआधी सही करणार नाही, आणि कागदावर रक्कम व कारण लिहिलेलं हवं, असं मी सांगितलं. जनरल मॅनेजर मान हलवून हो म्हणाले. क्रेडिट नोटही मागितली. रोख परतावा घेऊ नका. मूळ बिलावर जीएसटी लागलेला असतो, क्रेडिट नोट निघाली की करासकट रक्कम कमी झाल्याचं कागदावर राहतं. (तेव्हा माझ्या बिलात ब्रेक पॅडवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीच्या सुट्या भागांवरही १८ टक्केच आहे, बिल पाहताना तेही तपासा.)

नवीन केबिन फिल्टर त्याच अ‍ॅडव्हायझर मुलाने आणला. बाबांनी तो हातात घेतला, खिशातलं पेन काढलं आणि गाडीच्या बॉनेटवर टेकवून कडेच्या पट्टीवर तारीख घातली. मुलाने विचारलं, "काका, हे कशाला?" बाबांनी त्याला सांगितलं, पुढच्या वेळी कधी बदलायचा ते कळावं म्हणून. त्याने तो फिल्टर आमच्यासमोर बसवला.

२९ जुलैला, मंगळवारी दुपारी, बँकेचा मेसेज आला. क्रेडिट नोट ई-मेलवर आली. मग सेंटरच्या कागदावर सही केली, आणि १९१५च्या डॉकेटवर तक्रार सुटली का, या प्रश्नाला 'हो' असं उत्तर दिलं. माझा खर्च: तपासणीचे सहाशे, पोस्ट आणि झेरॉक्सचे दोनशेच्या आत, दीड रजा. ऑक्टोबरमध्ये पंक्चरसाठी त्याच रस्त्याने जाताना बाबांनी विचारलं, पुढची सर्व्हिस इथेच करणार का? अजून ठरवलेलं नाही.